कंबर दुखतेय आणि पानं कसली गोळा करू?

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की जुनं दुखणं असेल तर झाडाखाली बसून थोडं चित्र काढून बघा. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी मनापासून विचारलंय, काहींनी टर उडवलीये. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखण्यातही रोजची कामं कशी जमवायची ते शिकवते, ठाण्यात राहते आणि माझी स्वतःची मान गेली अकरा वर्षं दुखतेय, त्यामुळे टर उडवणाऱ्यांचा राग नाही, अकरा वर्षांपूर्वी मीही उडवली असती. सगळी पत्रं घेता येत नाहीयेत, पाच घेतलीत.

ताई, मी 47 वर्षांची, कासारवडवलीला राहते. सहा वर्षं कंबर दुखतेय. एमआरआय झाला, गादी थोडी सरकलीये पण ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. फिजिओ झाली, मालिश झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून चार महिने फळीवर झोपले. शेवटी डॉक्टर म्हणाले स्ट्रेस कमी करा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये राहून तो कसा कमी करायचा ते मात्र सांगितलं नाही! आता तुम्ही म्हणता पानं गोळा करा, चित्र काढा. मला चित्र अजिबात येत नाही, शाळेत बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझा मोर दाखवून ही कोंबडी आहे का विचारलं होतं. आणि खरं सांगा, हे सगळं म्हणजे माझं दुखणं मनाचेच खेळ आहेत असं म्हणायचंय ना तुम्हाला?

नाही. हे आधी सांगते कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय असं वाटतं. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत स्वतःची वेगळी नोंद आहे, 2022 पासून ती यादी लागू आहे. म्हणजे रिपोर्टमध्ये काही मोठं सापडलं नाही तरी दुखणं हे दुखणंच.

मग होतं काय, तर आमच्या सोसायटीत एक गाडी आहे, तिच्या बॉनेटवर मांजर बसलं तरी अलार्म बोंबलतो. कधीतरी तिचा आरसा खरंच चोरीला गेला होता तेव्हा मालकाने सेन्सर कडक करून घेतला, तो तसाच राहिला. आता चोर नाहीये, पण आवाज खरा आहे आणि रात्री दोन वाजता अख्ख्या बिल्डिंगची झोप खरीच उडते. जुन्या दुखण्यात मज्जासंस्थेचं बरंचसं असंच होतं, सुरुवातीची इजा बरी झाली किंवा तेवढी राहिली नाही तरी सेन्सर कडकच राहतो, आणि झोप कमी झाली, घरात कुरबुर झाली, मानपाड्याच्या सिग्नलला पाऊण तास अडकलात की तो आणखी कडक होतो. डॉक्टरांना बहुतेक हेच म्हणायचं होतं, फक्त त्यांनी दोन शब्दांत उरकलं.

आता पानं आणि चित्र कशाला. कोपर आपटलं की आपण आधी ते चोळतो, बरोबर? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपांसाठी जणू एक दार असतं, स्पर्शाचे निरोप आले की ते थोडं लोटलं जातं आणि वरून मेंदूही ते कमीजास्त उघडू शकतो. तपशील नंतर बदलले पण मूळ मुद्दा टिकला, आपलं लक्ष कुठे आहे, आपण घाबरलेलो आहोत की निवांत, यावर दुखणं किती जोरात ऐकू येणार ते ठरतं. कमरेच्या जुन्या दुखण्यावर अमेरिकेत 342 जणांचा एक अभ्यास झाला होता, 2016 साली छापून आला, त्यात आठ आठवडे माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं, शिकलेल्यांपैकी शंभरातल्या साधारण 60 जणांना सहा महिन्यांनी रोजची कामं करणं बऱ्यापैकी सोपं झालं, नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत हा आकडा 44 होता. फरक आहे, पण चमत्कार नाही. 44 आणि 60 यात जेवढं अंतर आहे तेवढीच आशा धरा, जास्त धरलीत तर तिसऱ्या दिवशी वही फेकाल. आणि त्या अभ्यासात ध्यान आणि योग होता, पानं नव्हती, हेही सांगून टाकते. पानं मी का घेते, तर डोळे मिटून श्वास बघत बसा म्हटलं की माझ्या निम्म्या पेशंटना कंबर आणखीच जाणवते. हातात काहीतरी असलं की बरं पडतं.

तुमच्या कोंबडीचं आता. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सल विद्यापीठात 39 जणांना पाऊण तास माती, मार्कर, कोलाज यातलं काय हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, ते ताणाचं संप्रेरक आहे. साधारण 75 टक्के लोकांचं कमी झालं, आणि त्यात चित्र येणारे आणि न येणारे असा फारसा फरक दिसला नाही. छोटा अभ्यास आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे मी तो डोक्यावर घेऊन नाचत नाही. पण बाईंचं म्हणणं इथे चालत नाही एवढं तरी त्यातून घ्या.

आता करायचं काय. येऊरच्या जंगलात, उपवन तलावावर जायची गरज नाही, तुमच्या सोसायटीत किंवा रस्त्याच्या कडेला बदामाचं झाड असेलच. सध्या फेब्रुवारीत त्याची पानं लाल होऊन गळतायत. खाली वाकायचं नाही, वॉचमनला किंवा खेळणाऱ्या पोरांना सांगा एक पान दे म्हणून, लाजू नका. पाठ टेकेल अशा बाकावर बसा, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. पान मांडीवर न ठेवता पर्स उभी धरून तिच्यावर ठेवा म्हणजे मान खाली जात नाही. आणि आधी दोन मिनिटं नुसतं बघा. बघा म्हणजे काय ते सांगते, कारण इथेच सगळे घाई करतात. ते पान लाल आहे असं आपण म्हणतो, पण लाल ते कडेलाच असतं, मधल्या शिरेला चिकटून बऱ्याचदा हिरवा रंग राहिलेला असतो, जणू रंगवणाऱ्याचा हात तिथवर पोचलाच नाही. कुठेतरी किड्याने खाल्लेलं भोक असतं, त्याच्याभोवती तपकिरी कडं. बोट फिरवलंत तर वरून गुळगुळीत आणि उलट्या बाजूला शिरा लागतात. मग त्यावर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा धरून हळूहळू घासा, लहानपणी रुपयाचं नाणं कागदाखाली ठेवून छाप काढायचो ना तसंच. शिरा एकेक करून वर येतात. कंबर मध्येच ओरडेल. ओरडली की म्हणायचं, हो, आहेस, आणि परत कुठल्यातरी एका शिरेवर यायचं. भांडायचं नाही तिच्याशी. एवढंच.

आणि याहून महत्त्वाचं, थांबायचं कधी. ते कंबर नाही ठरवणार, घड्याळ ठरवेल. तीन दिवस नुसतं मोजा की बाकावर बसल्यावर किती मिनिटांनी दुखणं वाढायला लागतं. समजा 15, 9 आणि 12 आलं, तर सरासरी 12, मग तुम्ही सुरुवात 10 मिनिटांनी करायची. दहा म्हणजे दहा. चांगला दिवस असला तरी दहाला उठायचं, पान अर्धं राहिलं तरी, आणि वाईट दिवस असला तरी जमेल तेवढं जाऊन बसायचं. आठवड्याने एखाद-दोन मिनिटं वाढवा. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पहिल्या वर्षी एका रविवारी मान अगदी हलकी होती, उपवनला गेले आणि पाण्यावरचं ऊन रंगवता रंगवता दोन तास बसले, त्या दिवशी एवढं भारी वाटलं की घरी येऊन नवऱ्याला म्हटलं झाली बरी मान. सोमवारपासून चार दिवस आडवी. रिक्षात बसले तर प्रत्येक खड्डा कानामागे जाणवत होता. आणि मी हेच लोकांना शिकवून पैसे घेते! चांगल्या दिवशी उधळायचं आणि मग चार दिवस भरत बसायचं, जुन्या दुखण्यातल्या बहुतेक सगळ्यांचं हेच चालतं आणि यातच आपण हळूहळू कामं कमी कमी करत जातो.

दुखणं किती कमी झालं हे रोज दहापैकी मोजू नका. त्याऐवजी लिहा की आज किती वेळ कंबर आठवली नाही. पहिल्या आठवड्यात बहुधा शून्य येईल, मग कधीतरी दीड मिनिट येईल, ते लिहून ठेवा. महिन्याने मला कळवा, छाप पाठवलात तर आवडेल. मोर नको.

मी 34, सीवूड्सला राहतो, काम ऐरोलीला, दिवसाचे दहा-अकरा तास स्क्रीन. मान, खांदे आणि दुपारनंतर डोकं दुखतं. टेन्शन पण आहे, टीममधले लोक कमी होतायत. निसर्गात जा म्हणतात म्हणून सलग चार रविवार फ्लेमिंगो बघायला गेलो, चांगली लेन्स घेऊन. उलट जास्त थकलो. चारशे-पाचशे फोटो येतात, ते निवडायचे, एडिट करायचे, टाकायचे, मग लाइक कमी आले की मूड जातो. माझं काही चुकतंय का?

चुकत काही नाहीये भाऊ, तुम्ही रविवारी पण शिफ्ट लावलीत एवढंच. टार्गेट आलं, डिलिव्हरी आली, अप्रेझल पण आलं, फक्त पगार नाही.

एक महिना कॅमेरा घरी ठेवा. फोन बॅगेत, सायलेंटवर. जवळ एक कोरी वही आणि 4बी, म्हणजे मऊ, गडद पेन्सिल. तुम्ही नशीबवान आहात, लोक लांबून येतात ते तुमच्या घरामागे आहे. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो तेव्हा हे पक्षी तुमच्याकडच्या पाणथळीवर येऊन उभे राहतात. त्यामुळे निघायच्या आधी भरतीची वेळ तेवढी बघा, ते एकच प्लॅनिंग.

तिथे गेलात की लगेच पक्षी काढायला घेऊ नका. आधी आवाजांचा नकाशा करा. कागदाच्या मधोमध एक फुली मारा, ती म्हणजे तुम्ही. मग दहा मिनिटं जो आवाज येईल तो ज्या बाजूने येईल त्या बाजूला एक खूण करा, जवळचा असेल तर फुलीजवळ, लांबचा असेल तर कागदाच्या कडेला. शब्द लिहायचे नाहीत, नुसती खूण, लांबलेला आवाज असेल तर लांब रेघ, तुटक असेल तर ठिपके. फ्लेमिंगोंचा थवा बदकांसारखा सारखा काहीतरी बडबडत असतो, तो एका बाजूला येईल, मागून हार्बरच्या लोकलचा भोंगा येईल, वर विमान, शेजारी कुणीतरी व्हिडिओ कॉलवर. तोही घ्या नकाशात, चिडायचं नाही. निसर्ग म्हणजे माणसांचा आवाज बंद, असं नवी मुंबईत शोधत बसलात तर तोच एक स्ट्रेस होईल.

त्यानंतर एकच पक्षी निवडा, आणि कागदाकडे अजिबात न बघता, डोळा त्याच्या पाठीवरून जितका हळू सरकेल तितकीच हळू पेन्सिल सरकू द्या. तो खाताना डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, वरची बाजू खाली, आणि पाणी गाळत गाळत चालतो. ही मान कशी वळते ते एकदा पेन्सिलीने फॉलो केलंत ना, की चारशे फोटोंमध्ये जे दिसलं नाही ते दिसतं. चित्र हास्यास्पद येणार, चोच मानेला जोडलेलीच नसेल. ते कुणाला दाखवायचं नाही, पोस्ट तर बिलकुल करायचं नाही. वही छातीच्या उंचीवर धरा, बॅग पोटाशी घेऊन तिच्यावर टेकवा, नाहीतर ऑफिसमधलीच मान इथेही वाकवून बसाल. दर पाच मिनिटांनी खांदे कानापाशी आलेत का बघा. येतात.

एकदम मोठा वेळ काढायलाच हवा असं नाही. इंग्लंडमध्ये जवळपास वीस हजार लोकांची माहिती घेऊन 2019 साली एक अभ्यास आला, त्यात आठवड्याला 120 मिनिटं किंवा जास्त बाहेर झाडापाण्यात घालवणारे लोक स्वतःची तब्येत बरी आहे असं जास्त प्रमाणात सांगत होते, आणि ते दोन तास एकदम की तुकड्यातुकड्यात याने फरक पडत नव्हता. अर्थात बरे असतात तेच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं. तरी ऑफिसला जायच्या आधी खाली झाडाखाली दहा मिनिटं, एवढं तर जमेल ना. आणि डोकेदुखी नव्याने सुरू झाली असेल, वाढत चालली असेल, तर चष्म्याचा नंबर आणि बीपी तपासून घ्या, सगळं टेन्शनच्या खात्यात टाकू नका.

माझ्या सासूबाई 71 वर्षांच्या, वाशीला असतात. संधिवाताने बोटं वाकडी झालीयेत. त्यांची रांगोळी एके काळी बघायला लोक यायचे, ठिपक्यांची, बोटाच्या चिमटीतून दोऱ्यासारखी रेघ सोडायच्या. आता चिमूट धरवत नाही, खाली बसवत नाही, आणि बाहेर तर नेताच येत नाही कारण लिफ्ट सारखी बंद. खिडकीत बसून असतात. त्यांच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि खिडकीला कमी लेखू नका. 1984 मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटची जुनी कागदपत्रं तपासली होती, 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि 23 जणांच्या समोर विटांची भिंत होती. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्याची कडक औषधं कमी लागली. तेव्हा खुर्ची आधी जिथून झाड दिसेल त्या खिडकीशी लावा, टीव्हीकडे पाठ झाली तरी चालेल.

चिमटीची रांगोळी मात्र आता नको. चिमूट धरताना अंगठ्याच्या मुळाशी फार जोर येतो आणि तेच सांधे आधीच गेलेले असतात. त्यांना परत "करून तर बघा" असं म्हणू नका, एके काळी जे सहज जमायचं ते आता सगळ्यांसमोर न जमणं याचा त्रास सांध्यांपेक्षा जास्त होतो. दुसरीच रांगोळी द्या. टेबलावर मोठी परात, त्यात दोन बोटं पाणी किंवा ओली वाळू. झेंडूच्या पाकळ्या, शेवंती, कढीपत्त्याची किंवा मेंदीची पानं, खालून आणलेली पिवळी पडलेली पिंपळाची पानं, हे सगळं वेगवेगळ्या वाट्यांत. बोटांच्या पेरांनी ढकलत, तळहाताने सरकवत मांडायचं, उचलायचं कमीत कमी. ठिपके हवेतच म्हणाल्या तर शेवंतीची छोटी फुलं ठिपके म्हणून ठेवा. ब्रश धरायचा असेल तर त्याच्या दांडीला जुन्या स्लिपरचा फोम किंवा रुमाल गुंडाळून रबर लावा, जाड झालं की मूठ पुरते.

वेळ सकाळची नको, संधिवातात सकाळी बोटं आखडलेली असतात, अकरानंतर बसा, आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात. सांधे लाल, गरम, सुजलेले असतील त्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी त्यांनी नुसतं सांगायचं आणि तुम्ही मांडायचं. माझा अंदाज आहे की तुमचं चुकतंय हे सांगण्यातच त्यांना सगळ्यात जास्त मजा येईल.

मॅडम, तुमचं वाचून दोन महिने रोज तलावपाळीला बसून स्केच करतेय, पाठ खरंच बरी वाटतेय. रात्रीची गोळी बंद केली तर चालेल ना? घरचे घाबरवतायत. – नौपाडा

घरचे बरोबर आहेत. गोळी मनाने बंद करायची नाही. नसांच्या दुखण्यावरच्या आणि डिप्रेशनवरच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर झोप उडणं, घाम, घाबरणं असा त्रास होऊ शकतो. ज्यांनी लिहून दिली त्यांना स्केचबुक दाखवा, बरं वाटतंय सांगा, कमी करायची असेल तर ते टप्प्याटप्प्याने करतील. हे सगळ्यांनाच सांगते, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधे बधिर वाटायला लागलं, पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, चित्र-बित्र काही नाही. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल तरी डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल तर 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर कधीही फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आम्ही चार मित्र रविवारी येऊरला जाऊन भरपूर पानं-फुलं घेऊन येऊ म्हणतो, काटेसावर फुललीये. आणि त्याच फुलांपासून रंग करता येतील का? – वर्तकनगर

जा, पण हात हलवत परत या. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून पान, फूल, बी, दगड काहीच आणायचं नसतं, खाली पडलेलं सुद्धा नाही. सावरीची फुलं तिथेच बसून काढा, फुलाखाली पाच मिनिटं थांबलात तर मैना आणि कोतवाल मध प्यायला येऊन भांडताना दिसतील. अंधार पडायच्या आत खाली उतरा, बिबट्यांचं घर आहे ते.

रंग स्वयंपाकघरातच आहेत. गच्चीवरच्या कुंडीतलं लाल जास्वंद घ्या, पाकळी कागदावर बोटाने चुरडा, जांभळट डाग उमटेल. त्यावर लिंबाचा थेंब टाकलात की तो गुलाबी होतो, खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकलंत की हिरवट निळा. हळदीच्या पाण्यावर पानाला लावायचा चुना टेकवलात की लालभडक. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो, तेव्हा टिकायला हवा असेल तर वहीत बंद ठेवा. आणि चुन्याचा हात डोळ्याला लावू नका, मी एकदा लावलाय.